गाडी पुन्हा गॅरेजमध्ये लावायची असेल तर

पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या सोसायट्यांमधून रात्री नऊनंतर फिरलात तर एक गोष्ट लगेच दिसते. गाड्या रस्त्याच्या कडेला ओळीने उभ्या आणि कुंपणाच्या आत गॅरेजला कुलूप. आमच्याकडेही पंधरा वर्षं हेच होतं. बाबांनी हौसेने बांधलेलं दहा बाय अठरा फुटांचं गॅरेज, आणि त्यात गाडी सोडून सगळं: चेतक स्कूटर, इन्व्हर्टरच्या दोन मेलेल्या बॅटऱ्या, जुना डब्बा टीव्ही, लोखंडी पलंग, पाळणा, रंगाचे डबे, उरलेल्या फरशा, टायर आणि छताला टेकलेली खोकी. दादाने आणि मी ते दोनदा रिकामं केलं. पहिल्यांदा फसलं, दुसऱ्यांदा जमलं. दोन्ही वेळचा अनुभव धरून हे लिहिते आहे. बंगला नसेल, पण पार्किंगमधली बंद खोली, गावच्या घराचा माळा किंवा गच्चीवरची पत्र्याची शेड असेल, तरी यातलं बरंचसं तुमच्या कामाला येईल.

आधी वाटा शोधा, मग कुलूप उघडा

पहिल्या वेळी आम्ही रविवारी सकाळी सगळं अंगणात ओढून काढलं. दुपारी दोनपर्यंत अंगण भरलं. मग भंगारवाल्याला फोन लावला, तर तो गावी गेलेला. टीव्ही कोणी घेईना, फरशांचे तुकडे कचऱ्याच्या गाडीत चालत नाहीत असं कळलं, आणि पाच वाजता आभाळ भरून आलं. रद्दी तेवढी गेली होती. अंधार पडायच्या आत बाकीचं सगळंच्या सगळं पुन्हा आत कोंबलं, तेही आधीपेक्षा वाईट रचून.

म्हणून सुरुवात वहीने करा. दार उघडा, काहीही हलवू नका, दिसतंय ते लिहून काढा. प्रत्येक प्रकारासमोर तो कोणत्या वाटेने घराबाहेर जाणार, कोण नेणार आणि कोणत्या वारी, हे लिहा. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही, त्याची चौकशी आधी करा. आम्हाला या फोनाफोनीला आठवडा लागला आणि पुढचं काम त्यामुळेच पार पडलं.

पुण्यात राहत असाल तर घरचा कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनाच पहिल्यांदा विचारा. घरोघरचा कचरा नेणारी ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे. १९९३ साली सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती उभी राहिली. गाद्या, फर्निचर, ई-कचरा, कपडे अशा रोजच्या गाडीत न जाणाऱ्या वस्तूंसाठी त्यांची ‘व्ही कलेक्ट’ नावाची संकलनं होतात. तारीख धरून आपलं काम आखलं तर टेम्पोचा खर्चही वाचतो. दुसऱ्या शहरात असाल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकांना भेटा. मोठ्या वस्तू, ई-कचरा आणि राडारोडा या तिन्हींची सोय कुठे आहे, हे त्यांना माहीत असतं.

हंगामाचंही बघा. दिवाळीआधी सगळं गाव साफसफाईला लागतं, भंगारवाल्याला वेळ नसतो आणि भावही पडतो. पावसाळ्यात अंगण वापरता येत नाही. मला जानेवारी-फेब्रुवारीतले दोन शनिवार-रविवार सगळ्यात सोयीचे वाटतात. एका दिवसात उरकायचा हट्ट नको.

आत शिरताना

वर्षानुवर्षं बंद असलेल्या जागेत आपल्याआधी कोणीतरी राहायला आलेलं असतं. विंचू असतो, उंदीर तर असतातच, आणि उंदीर असले की त्यांच्या मागावर साप येऊ शकतो. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप घराच्या आसपास सापडतात. पायात बंद बूट, हातात जाड चामड्याचे हातमोजे, नाकातोंडाला एन-९५ मास्क हवा. खोकं उचलण्याआधी काठीने ढकला, खाली टॉर्च मारा. बोटं खोक्याखाली सरकवून उचलायची सवय इथे नको. साप दिसलाच तर मारू नका, दार उघडं ठेवून बाहेर या आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. चावा झालाच तर १०८.

उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. धूळ उडते आणि नाकात जाते. ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्याने गोळा करा. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि त्याला हातावरची बारीकशी चीरही पुरते, म्हणून हातमोजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत काढायचे नाहीत.

टायर आणि उघडे डबे हलवण्याआधी त्यांत पाणी आहे का बघा. असल्या साठलेल्या पाण्यातच डेंग्यूचा एडीस डास वाढतो. पाणी मातीवर ओता, गटारात नको.

अंगणातले ढीग

ताडपत्री अंथरा आणि दारापासून आत अशा क्रमाने वस्तू काढा. मागच्या कोपऱ्यातली एखादी वस्तू ओढायचा मोह होतो, पण त्याने वरची रास अंगावर येते. जड वस्तू दोघांनी, गुडघे वाकवून.

ढीग पाच करा: घरात राहणार, कोणाला तरी देणार, भंगारात जाणार, धोक्याचं, आणि कागद. सहावा ‘ठरत नाही’ हा ढीग होणारच. त्याला एकच खोकं द्या. ते भरलं की नवी वस्तू टाकण्याआधी आतली एक काढून तिचा निर्णय करायचा. आम्ही पहिल्या वेळी या ढिगाला मर्यादा घातली नव्हती आणि संध्याकाळी अर्धं अंगण त्याचंच झालं होतं.

ठेवायचं की नाही याला माझा प्रश्न साधा आहे. ही वस्तू आज हरवली तर आपण नवी विकत आणू का? आणू, तर ठेवा. बाबांच्या स्क्रूंच्या बाबतीत हा प्रश्न मला फार उपयोगी पडला. श्रीखंडाच्या अकरा रिकाम्या डब्यांत त्यांनी खिळे, स्क्रू, वॉशर, नटबोल्ट लावून ठेवले होते. प्रत्येक झाकणावर पांढरी चिकटपट्टी आणि निळ्या शाईत बारीक अक्षर: ‘पितळी १ इंच’, ‘नळाचे वॉशर’, ‘खिडकीच्या बिजागऱ्या, जुन्या पण चांगल्या’. दादा म्हणाला, भंगारात दे. मी एक डबा उघडला. वर्षं गेली तरी आत गंजाचा एक ठिपका नव्हता. प्रत्येक डब्यात त्यांनी तेलात भिजवलेली चिंधी घातली होती. ते अकराही डबे राहिले.

घरातली मोठी माणसं

या कामातला अवघड भाग वजनाचा नसतो. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणणाऱ्या माणसाने टंचाई बघितलेली असते. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली, रॉकेलच्या रांगेत उभी राहिलेली ही पिढी आहे. तिच्या पाठीमागे वस्तू टाकून देऊ नका. आमच्या ओळखीत एका घरी आजी गावाला गेल्याचं बघून मुलांनी माळा साफ केला. त्या परत आल्यावर काय झालं ते इथे लिहवत नाही.

आम्ही आईला गॅरेजच्या दारात सावलीत खुर्ची टाकून बसवलं. तिला सगळं दाखवायचं नाही असं दादाने आणि मी ठरवलं होतं. फक्त तिच्या हाताशी संबंध आलेली वस्तू तिच्यापुढे ठेवायची. प्रश्न ‘टाकू का’ असा विचारायचा नाही, ‘कोणाला देऊ’ असा विचारायचा. पाळण्यावर ती अडली. मग आपणहून म्हणाली, कामाला येणाऱ्या मावशींची सून बाळंतपणाला आली आहे, तिला दे. घासून, तेलपाणी करून पाळणा त्याच संध्याकाळी गेला. त्यानंतरचे निर्णय तिने आमच्याहून भरभर घेतले.

कागद: इथे घाई करू नका

आमची खरी चूक रद्दीत झाली. पहिल्या खेपेला मासिकांचे गठ्ठे आणि एक पुठ्ठ्याची नळकांडी आम्ही न उघडता किलोवर दिली. त्या नळकांडीत घराचा मंजूर नकाशा होता. पुढे बंगल्याच्या पुनर्विकासाचं बोलणं निघालं तेव्हा वास्तुविशारदाने पहिल्यांदा तोच मागितला. प्रमाणित प्रत मिळवायला अर्ज, शोध शुल्क आणि कित्येक महिन्यांचे हेलपाटे पडले.

म्हणून प्रत्येक फाईल उघडा, प्रत्येक गुंडाळी उलगडा, पुस्तक झटका. खरेदीखत, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सात-बारा आणि फेरफाराचे जुने उतारे, शेअर सर्टिफिकेटं, पोस्टाची बचतपत्रं, विमा, नोकरीचं सर्व्हिस बुक, जन्ममृत्यूचे दाखले हे सगळं बाजूला. जुनी शेअर सर्टिफिकेटं कंपनी बंद पडली असं समजून फाडू नका. कंपन्या विलीन होतात, नावं बदलतात, पण मालकी बुडत नाही. वीजबिलं, बँकेची पासबुकं यांवर नावपत्ता आणि खाते क्रमांक असतात, ती रद्दीत देण्याआधी फाडा किंवा भिजवून लगदा करा.

आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत वळणदार, वाचता न येणारं लिखाण निघालं तर ते बहुधा मोडी आहे. त्याला रद्दीत आठ-दहा रुपये येतील. त्याऐवजी एखाद्या मोडी वाचकाला दाखवा. पुण्यात १९१० सालापासून काम करणारं भारत इतिहास संशोधक मंडळ अशाच कागदांवर उभं आहे. घराण्याचा हिशेब, वतनाचा वाद, देवस्थानाची देणगी, काहीही निघू शकतं. हे कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल धरते. स्वच्छ सुती कापडात बांधा.

भंगार विकताना

भंगारवाल्याला सगळं एकत्र दाखवलं की तो सरसकट लोखंडाचा भाव लावतो. त्याचाही तो धंदाच आहे. आपण आधी धातू वेगळे केले तर बोलणं सरळ होतं. एक लोहचुंबक घ्या. चिकटला तर लोखंड, पत्रा किंवा बीड. नाही चिकटला तर तांबं, पितळ, जर्मनची भांडी किंवा चांगलं स्टील. जुने नळ स्टीलसारखे चकचकीत दिसतात, पण कानशीने कोपरा खरवडा. आत पिवळं दिसलं तर ते मुलामा दिलेलं पितळ आहे आणि त्याचा भाव लोखंडाच्या कित्येक पट असतो. आमच्या एका गोणीत असे नऊ नळ निघाले.

शिलाई मशिनचा पाय बहुधा बिडाचा असतो. तो भंगारात घालण्याआधी आसपास विचारा. त्यावर लाकडी फळी टाकून टेबल करणारे आवडीने नेतात.

तांब्यापितळेची जुनी भांडी, घंगाळ, बंब, हंडे यांना भंगारात देऊ नका. भांड्यांच्या दुकानात मोड म्हणून भाव चांगला येतो. घंगाळ धड असेल तर मी म्हणेन मोडही घेऊ नका. पुण्याच्या तांबट आळीत ठोके भरून, कल्हई करून ते पुन्हा उभं राहतं.

वजन आपल्या डोळ्यांसमोर करा. भाजीसाठी मिळतो तसला हातातला डिजिटल ताणकाटा घरी असला तर एक-दोन गोण्या आधी तोलून ठेवा. भाव दोन ठिकाणी विचारा, पण ठरल्यावर दहा रुपयांसाठी घासाघीस नको. हा माणूस आपल्या घरातलं ओझं पाठीवर नेतो आहे. तारा जाळून तांबं काढणाऱ्याला मात्र माल देऊ नका. प्लॅस्टिकच्या आवरणाचा तो धूर विषारी असतो.

कापसाची गादी कचरा नाही. पिंजाऱ्याकडून पिंजून नवी खोळ घातली की ती पुन्हा वीस वर्षं जाते. कपडे धड असतील तर बोहारणीला किंवा ‘गूंज’सारख्या संस्थेला द्या, धुऊन आणि बटणं लावून. धड वस्तू विकायच्याच असतील तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे भाव काढून या.

धोक्याचा ढीग

इन्व्हर्टरची बॅटरी पन्नास-साठ किलोची असते आणि आत गंधकाचं आम्ल. ती आडवी करायची नाही, एकट्याने उचलायची नाही, खाली पाटी किंवा जाड प्लॅस्टिक ठेवायचं. आमच्या एका बॅटरीच्या तळाशी पांढरी पूड जमली होती. दादाने ती बोटाने पुसली आणि तोच हात पँटला लावला. धुतल्यावर तिथे चार भोकं. खायचा सोडा शिंपडून, फेस थांबल्यावर पुसायला हवं होतं. बॅटरी विक्रेत्यालाच परत द्या. नवी घेताना जुनीची किंमत वजा करतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

जुना टीव्ही फोडू नका आणि भंगारवाल्याला अंगणात फोडू देऊ नका. मागच्या काचेत शिसं असतं, नळी निर्वात असल्याने फुटताना काचा उडतात. फ्रिज, संगणक, मोबाईल, मिक्सर हे सगळं नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे जावं. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांत त्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. संगणक देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, म्हणून न फोडता कागदात गुंडाळून वेगळ्या द्या.

रंगाचा डबा उघडून बघा. वाळून खडखडीत झाला असेल तर पत्रा म्हणून जातो. ओला असेल तर त्यात वाळू किंवा लाकडाचा भुसा कालवून उघड्यावर, मुलांपासून दूर वाळू द्या. टर्पेंटाइन, थिनर, कीटकनाशकं कधीही मोरीत ओतायची नाहीत. बंद करून, वर ठळक अक्षरांत नाव लिहून, घातक घरगुती कचरा म्हणून वेगळी द्या.

गॅसचा जुना सिलिंडर भंगारात विकायचा नसतो. तो गॅस कंपनीच्या मालकीचा असतो. एजन्सीकडे सबस्क्रिप्शन व्हाउचर घेऊन गेलात तर अनामतही परत मिळते. फरशांचे तुकडे, विटा, प्लास्टर हा राडारोडा नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी टाकणारे टेम्पोवाले भेटतात. त्यांना नाही म्हणा, महापालिकेच्या केंद्रावरच पाठवा. धड फरशा बाजूला ठेवा, एखादा गवंडी आनंदाने नेतो.

स्कूटरचं काय

पंधरा वर्षं बंद असली तरी नोंदणी रद्द होईपर्यंत कागदोपत्री मालक तुम्हीच. तशीच भंगारवाल्याला दिलीत आणि तिच्या नंबराचा कुठे गैरवापर झाला तर पोलिस तुमच्या दारात येतील. मोडीत काढायची असेल तर नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रात न्या. २०२१ च्या नियमांनी ती केंद्रं सुरू झाली आहेत. ते जमा प्रमाणपत्र देतात, त्यावर नोंदणी रद्द होते. आधी थकलेली चलनं भरा आणि आरसी पुस्तकावर कर्जाचा बोजा आहे का बघा.

मालक हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्यासाठी आरटीओचा नमुना ३१. आमची चेतक बाबांच्या नावावर होती, म्हणून ती आधी आईच्या नावावर केली, मग नमुना २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण. चेतकसारखी गाडी मोडीत काढायच्या आधी एकदा जुन्या मेकॅनिकला दाखवा. अशा गाड्या उभ्या करणारे हौशी लोक आहेत. आमचीही सुरू झाली, आणि सुरू करताना दादाने ती बाबांसारखीच उजवीकडे तिरकी केली.

रिकामं झाल्यावर

लगेच सामान लावू नका. चार दिवस दार उघडं ठेवा. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, तिचा बंदोबस्त आत्ताच करून घ्या, कारण पुन्हा भिंत उघडी दिसणार नाही. मग चुना किंवा पांढरा रंग. स्लॉटेड अँगलचा लोखंडी रॅक भिंतीपासून चार बोटं सोडून लावा, सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून अर्धा फूट वर. पुठ्ठ्याची खोकी बंद. ती वाळवीचं आणि झुरळांचं घर होतात. झाकणाचे पारदर्शक डबे घ्या आणि दोन बाजूंनी नाव लिहा. गाडी आत लावून, चारही दारं उघडून बघा आणि जमिनीवर पिवळ्या रंगाची रेघ मारा. रेघेच्या आत काही ठेवायचं नाही.

आणि पहिल्या महिन्यात एक फोन येईलच. आम्हाला तो नवव्या दिवशी आला. नात्यातल्या एक काकू म्हणाल्या, “अगं, तुमचं गॅरेज रिकामं झालं म्हणे. आमचा सोफा ठेवू का दोन महिने? घराला रंग द्यायचाय.” उत्तर आधीच ठरवून ठेवा. मी म्हटलं, “काकू, गाडी आत लावतो आता. पण रंग होईपर्यंत सोफ्यावर टाकायला आमच्याकडे मोठी ताडपत्री आहे, ती घेऊन जा.”